राज्य महामार्गाचे काम सल्लागाराकडून करून घेताना: कार्यादेशापासून मूळ नोंदी ताब्यात येईपर्यंत

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागात बसलेल्या अभियंत्याला एखाद्या राज्य महामार्गाच्या रुंदीकरणासाठी सल्लागार मिळाला की पहिली भावना सुटकेची असते. सर्वेक्षण, मातीच्या चाचण्या, संकल्पचित्रे, अंदाजपत्रक, सगळे बाहेरून येणार. पण तांत्रिक मंजुरीच्या कागदावर सही विभागाचीच असते, आणि पुढे दक्षता पथक आले तर ते उपविभागातच येते. म्हणून सल्लागाराकडून अहवाल मागण्यापेक्षा त्यामागच्या मूळ नोंदी मागायला शिकणे जास्त महत्त्वाचे. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

हिशेब डोळ्यांसमोर राहावेत म्हणून एक काल्पनिक रस्ता धरू. लातूर-धाराशिव-सोलापूर पट्ट्यातला ४२ किलोमीटरचा राज्य महामार्ग, सध्या ५.५ मीटर रुंद, बहुतेक लांबी काळ्या मातीत. तो ७ मीटर डांबरी रस्ता आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर पक्की साईडपट्टी, म्हणजे एकूण १० मीटर करायचा आहे.

नेमणुकीआधी

कार्यकक्षेत, ज्याला सगळे टीओआर म्हणतात, निम्मी भांडणे आधीच दडलेली असतात. जुन्या निविदेतला टीओआर उचलून रस्त्याचे नाव बदलणे ही सार्वत्रिक सवय. मग घाटातल्या रस्त्यासाठी लिहिलेली दरड-तपासणी सोलापूरच्या सपाटीवर येते आणि काळ्या मातीची फुगवण-चाचणी राहून जाते. टीओआर लिहिण्यापूर्वी शाखा अभियंत्यासोबत एकदा पूर्ण रस्ता फिरा आणि या गोष्टी साखळी क्रमांकासह (रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरासह) टिपा: पावसात पाणी रस्त्यावरून जाते त्या जागा, गावठाणातली अतिक्रमणे, जुने पूल व मोऱ्या, महावितरणचे खांब, पाणीपुरवठ्याच्या जलवाहिन्या, मोठी झाडे, रस्त्याला लागून असलेले साखर कारखाने आणि खडीच्या खाणी. चार पानांची ही यादी टीओआरला जोडली की सल्लागारही दर नीट भरतो.

निवड गुणवत्ता आणि किंमत दोन्ही पाहून होणार असेल तर भारांकाचा परिणाम आधी कागदावर करून पाहा. समजा एका सल्लागाराला तांत्रिक गुण ९० आणि शुल्क ८४ लाख, दुसऱ्याला ८० गुण आणि शुल्क ५६ लाख. सर्वांत कमी शुल्काला १०० आर्थिक गुण, म्हणून पहिल्याला ६६.६७. भारांक ८०:२० (तांत्रिक:आर्थिक) असेल तर पहिल्याचे एकत्रित गुण ८५.३३ आणि दुसऱ्याचे ८४, काम पहिल्याला. ७०:३० केले तर ८३ विरुद्ध ८६; काम दुसऱ्याला. साध्या नूतनीकरणाला स्वस्त सल्लागार चालून जाईल. मोठा पूल, भूसंपादन आणि काळी माती एकत्र असेल तिथे तांत्रिक बाजूचे वजन कमी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शुल्काचे टप्पे ठरवताना दोन्ही टोके टाळा. सगळे पैसे अंतिम अहवालावर ठेवले तर सल्लागार सर्वेक्षणात काटकसर करतो, कारण खर्च तेव्हा होतो आणि पैसे वर्षभराने येतात. उलट वनविभागाची मंजुरी मिळाल्यावरच पैसे, अशी अट घातली तर दुसऱ्याच खात्याच्या विलंबाची शिक्षा त्याला मिळते. प्रारंभिक अहवालाला १० टक्के, सर्वेक्षण पूर्ण होऊन मूळ नोंदी जमा झाल्यावर २५, मसुदा अहवालाला २५, तांत्रिक मंजुरीयोग्य अंदाजपत्रकासह अंतिम अहवालाला २०, भूसंपादन व परवानग्यांचे प्रस्ताव परिपूर्ण सादर केल्यावर १०, आणि उरलेले १० बांधकाम सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतील शंका निस्तरल्यावर, अशी विभागणी व्यवहारात चालते. शेवटचे १० टक्के राखले नाहीत, तर ठेकेदाराने पहिल्या महिन्यात पातळ्या जुळत नसल्याचे पत्र दिले की सल्लागाराचा फोन लागत नाही.

पहिले पंधरा दिवस

कार्यादेश शक्यतो सप्टेंबरअखेर द्या. जूनमध्ये दिला तर काळ्या मातीत खड्डे घेता येत नाहीत, शेतातून आडवे छेद घेता येत नाहीत आणि मुदतीतले चार महिने वाया जातात. मग ते भरून काढण्यासाठी जे होते ते कार्यालयात बसून होते.

सुरुवातीच्या संयुक्त पाहणीला उपअभियंता, शाखा अभियंता, सल्लागाराचा संघप्रमुख आणि सर्वेक्षक हे चौघे हवेतच. त्या दिवशी दोन गोष्टी ठरवा. पहिली, साखळी क्रमांकाचा मेळ. रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड आणि नव्या आखणीची लांबी कधीच जुळत नाही. वळणे सरळ होतात, काही दगड मूळचेच चुकीच्या जागी असतात. सल्लागाराचा १८/४०० (अठरा किलोमीटर चारशे मीटर) आणि शाखा अभियंत्याचा १८/४०० यांत दीडशे मीटरचा फरक पडला की मोरी एका ओढ्यावर आणि अंदाजपत्रक दुसऱ्या ओढ्याचे, असे होते. प्रत्येक दगड, पूल आणि मोरीपुढे जुना व नवा क्रमांक लिहिलेला तक्ता दोघांच्या सहीने करा आणि पुढच्या प्रत्येक पत्रात दोन्ही क्रमांक लिहा.

दुसरी, उत्तराची मुदत. सल्लागाराच्या पत्राला उपविभागाने ७ दिवसांत आणि विभागाने १५ दिवसांत उत्तर द्यायचे. विभागाच्या शेऱ्यांवर सल्लागाराने १० दिवसांत. ही मुदत फक्त सल्लागाराला लावली तर ती कागदावरच राहते. शेरे एकाच वेळी, एकत्रित द्या. विभागाने एक, मंडळाने दुसरे आणि मुख्य अभियंता कार्यालयाने तिसरेच सुचवले की सल्लागार तीन आवृत्त्या करतो आणि चौथ्या आवृत्तीत पहिल्या दोनमधल्या चुका परत येतात.

सर्वेक्षण: येथे वेळ घालवा

पूर्ण प्रकल्पात विभागाचे सर्वाधिक लक्ष इथे हवे. पुढची संकल्पना चुकली तर ती कागदावर दुरुस्त होते; नोंद चुकली तर ती रस्त्यावरच उघडी पडते.

*वाहतूक.* वाहनगणना ७ दिवस, २४ तास, वर्गवारीसह. आठवडा पूर्ण हवा, कारण आठवडी बाजाराचा दिवस वगळला तर आकडा खोटा ठरतो. ऊसपट्ट्यात त्याहून मोठा प्रश्न हंगामाचा. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. गणना मे महिन्यात झाली तर उसाचे ट्रक आणि जोडट्रॉलीचे ट्रॅक्टर नोंदीत येतच नाहीत. गणना हंगामातच करा. शक्य नसेल तर रस्त्यावरच्या डिझेल पंपांची बारा महिन्यांची विक्री घेऊन हंगामी गुणांक काढायला सांगा आणि कारखान्याच्या गाळपाच्या टनांवरून तो पडताळा.

आसभाराचे, म्हणजे वाहनाच्या प्रत्येक आसावरच्या वजनाचे, सर्वेक्षण हा खर्चिक भाग, म्हणून तोच टाळला जातो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:३७-२०१८ नुसार दिवसाला ३,००० पर्यंत व्यावसायिक वाहने असतील तर किमान २० टक्के वाहने तोलायची. आपल्या रस्त्यावर अशी १,२०० वाहने धरली तर किमान २४०. दोन्ही दिशा वेगळ्या तोला. ऊस कारखान्याकडे भरून जातो आणि ट्रक रिकामे परततात, त्यामुळे सरासरी फसवी येते. जी दिशा जास्त भाराची, तीच संकल्पनेला धरा.

फरक किती पडतो ते पाहा. १,२०० वाहने, ५ टक्के वाढ, २० वर्षे, दोन पदरी रस्त्यासाठी ०.५ विभाजन गुणांक. वाढीचा गुणक ३३.०७ येतो. ३६५ ने गुणून, व्हीडीएफ (एक व्यावसायिक वाहन किती प्रमाणित आसांइतकी हानी करते तो गुणांक) सपाट प्रदेशासाठीच्या सूचक तक्त्यातला ३.९ घेतला तर संकल्पित वाहतूक सुमारे २८ एमएसए, म्हणजे दशलक्ष प्रमाणित आस. प्रत्यक्ष तोलात व्हीडीएफ ६ निघाला तर हाच आकडा ४३ एमएसए होतो. अहवालात व्हीडीएफ नेमका ३.९ दिसला आणि तोलाच्या पावत्या जोडलेल्या नसल्या, तर वजनकाटा रस्त्यावर लागलाच नव्हता असे समजून चौकशी करा.

*माती.* एकाआड एक बाजूला दर ५०० मीटरला खड्डा घेतला तर ८४ खड्डे होतात. त्यांपैकी किमान दर किलोमीटरला एक याप्रमाणे ४२ नमुन्यांचे भिजवलेले सीबीआर (मातीची भार पेलण्याची ताकद दाखवणारी चाचणी), आणि काळ्या मातीत प्रत्येक ठिकाणी मुक्त फुगवण निर्देशांक, म्हणजे माती पाण्यात किती टक्के फुगते ते. तो ५० टक्क्यांहून जास्त असलेली माती भरावाला चालत नाही. नमुन्याचे पोते ४० ते ५० किलोचे हवे. दहा किलोच्या पिशवीत प्रॉक्टर (मातीची कमाल घनता काढणारी चाचणी) आणि सीबीआर दोन्ही होत नाहीत.

आता साधा हिशेब. ४२ नमुने, प्रत्येकी तीन साचे, म्हणजे १२६ साचे. प्रयोगशाळेत २० साचे असतील तर सात फेऱ्या लागतात. भिजवण चार दिवसांची, तयारी व चाचणी धरून फेरी पाच दिवसांची. म्हणजे ३५ दिवस. सल्लागाराने बारा दिवसांत सगळे निकाल पाठवले, तर साचे कोठून आले हे विचारायलाच हवे. हा प्रश्न सौजन्याने पण लेखी विचारा. सोबत उपविभागाने स्वतः चार-पाच जागी समांतर नमुने घेऊन विभागाच्या गुणनियंत्रण प्रयोगशाळेत पाठवावेत. सल्लागाराला ते कोणते हे आधी कळू देऊ नये.

काळ्या मातीवर सहसा ५०० मिलिमीटर मुरमाचा थर सुचवला जातो आणि त्याचा सीबीआर १० धरलेला असतो. तो मुरूम कोठे आहे? रुंदीकरणाची दोन्ही बाजूंची मिळून रुंदी साडेसात मीटर धरली तर ४२ किलोमीटरला दाबलेला मुरूम १ लाख ५७ हजार ५०० घनमीटर लागतो. इतका मुरूम कोणत्या गट नंबरमध्ये मिळेल, तो खरेच सीबीआर १० देतो का, आणि गौण खनिजाचा परवाना मिळण्यासारखा आहे का, हे अहवालात नकाशासह हवे. नाहीतर कामाच्या दुसऱ्या महिन्यात ठेकेदार जवळच्या तळ्यातून पिवळसर गाळमाती आणतो आणि त्यालाच मुरूम म्हणतो.

*पाणी.* मोऱ्या व लहान पुलांचा विसर्ग जुन्या मुंबई इलाख्यासाठीच्या इंग्लिस सूत्राने काढण्याची पद्धत आहे: पाणलोट क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये घेऊन त्याला १२४ ने गुणायचे आणि क्षेत्र अधिक १०.४ याच्या वर्गमुळाने भागायचे. ५० चौरस किलोमीटरला सुमारे ७९८ घनमीटर प्रतिसेकंद येतात. हे सूत्र पंखाकृती पाणलोटांसाठीचे आणि उच्च विसर्ग देणारे. म्हणून एकट्या सूत्रावर न जाता प्रत्यक्ष पूरपातळीवरून काढलेल्या विसर्गाशी ताडून पाहा. पूरपातळी पोलीस पाटील, देवळाच्या पायऱ्या, विहिरीची कड यांवरून कळते, पण किमान तीन माणसांना वेगवेगळे विचारा. वर धरण असेल तर जलसंपदा विभागाकडून सांडव्याचा विसर्ग लेखी घ्या. ३०० ते ३,००० घनमीटर प्रतिसेकंद विसर्गाच्या पुलाखाली पूरपातळीपासून पुलाच्या तळापर्यंत किमान १.२ मीटर उभी मोकळीक लागते. ती सल्लागाराच्या छेदात मोजून पाहा, मजकुरात लिहिलेली वाचू नका.

जुना पूल ठेवायचा असेल तर पाहणी उन्हाळ्यात आणि पूर ओसरल्यावर अशी दोनदा. पायाखालची धूप कोरड्या पात्रात गाळाने झाकलेली असते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानीचा पूल पुरात वाहून गेला, तेव्हापासून वरून ठीक दिसणाऱ्या दगडी पुलाच्या पायाबद्दल कोणीच सहज बोलू नये.

जमीन

महाराष्ट्रातल्या जुन्या रस्त्यांचे दुखणे ठरलेले. रस्ता पन्नास वर्षे वापरात आहे, पण सातबाऱ्यावर शेतकऱ्याचेच नाव. सल्लागार पुस्तकातली ३० मीटर रुंदी धरून आखणी करतो आणि जागेवर मालकीची रुंदी १२ मीटर निघते. म्हणून आखणी गोठवण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशे व सातबारे आणून गटवार तक्ता करायला लावा: गट नंबर, लागणारे क्षेत्र, बांधकाम, विहीर, फळझाडे, जलवाहिनी. संयुक्त मोजणीचे शुल्क भरणे आणि पाठपुरावा करणे हे विभागाचे काम. नकाशावर अचूक रेषा देणे सल्लागाराचे. सल्लागाराच्या माणसाला तालुका कार्यालयात एकटे पाठवू नका, तिथे त्याचे कोणी ऐकत नाही.

झाडांची गणना वनविभागाच्या किंवा तहसीलच्या माणसासह, जातीनुसार आणि बुंध्याच्या घेरासह. वीजवाहिन्या हलवण्याचे अंदाजपत्रक महावितरणकडूनच घ्या. सल्लागाराने ठोक रक्कम टाकली तर ती हमखास कमी पडते.

अंदाजपत्रक तपासण्याची अर्ध्या दिवसाची पद्धत

सहाशे पानांचे अंदाजपत्रक पूर्ण तपासणे उपविभागाला शक्य नाही. मोठ्या रकमेच्या दहा बाबी निवडा. बहुतेक खर्च त्यांतच असतो. प्रत्येक बाब हाताने काढा. बिट्युमिनस काँक्रीट ४० मिलिमीटर, १० मीटर रुंद, ४२ किलोमीटर: १६,८०० घनमीटर. गोषवाऱ्यात १८,९०० दिसले तर जाडी ४५ धरली आहे किंवा चौकांचे क्षेत्र दोनदा मोजले आहे. पुढे, घनता २.४ धरून ४०,३२० टन मिश्रण, आणि दुसऱ्या प्रतवारीसाठी किमान ५.४ टक्के डांबर धरले तर सुमारे २,१७७ टन डांबर. डांबराच्या दरफरकाचा हिशेब याच आकड्यावर बसतो.

त्यानंतर लीड चार्ट, म्हणजे साहित्य किती अंतरावरून आणायचे याचा तक्ता. खाण १४ किलोमीटरवर असताना ३८ किलोमीटरची खाण दाखवली जाते, कधी निष्काळजीपणाने, कधी नाही. नकाशा घेऊन शाखा अभियंत्याने गाडीच्या मीटरवर अंतर मोजून सही करावी. दर चालू दरसूचीचेच आहेत ना, स्वामित्वधन आणि कर एकदाच धरले आहेत ना, एवढे पाहा. पुलांची संकल्पचित्रे मात्र अर्ध्या दिवसात तपासण्याची गोष्ट नाही. ती विभागाच्या संकल्पचित्र मंडळाकडे किंवा अभियांत्रिकी संस्थेकडे प्रूफ चेकिंगला (स्वतंत्र फेरतपासणीला) द्या आणि त्यासाठी वेगळा महिना धरा.

बांधकाम सुरू झाल्यावर

देखरेखीचा सल्लागार प्रकल्पाच्या प्रकारानुसार बदलतो. ईपीसी कामात (संकल्पनेपासून बांधकामापर्यंत सगळे ठेकेदाराकडे) तो प्राधिकरणाचा अभियंता, हायब्रीड अॅन्युइटीत (खर्चाचा काही भाग बांधकामादरम्यान, उरलेला नंतर हप्त्यांनी) स्वतंत्र अभियंता, आणि बी-१ (टक्केवारी दराच्या) वा बी-२ (बाबनिहाय दराच्या) करारात नेमला तर निव्वळ मदतनीस. या शेवटच्या प्रकारात मोजमाप पुस्तिका विभागाच्या अभियंत्याने स्वतः मोजूनच लिहायची; सल्लागाराची सही त्याला पर्याय होत नाही. स्वतंत्र अभियंत्याला मात्र विभागाने रोज तोंडी आदेश देऊ नयेत. त्याचे स्वातंत्र्य करारात लिहिलेले असते, आणि वाद लवादात गेला की तोंडी आदेशांचा हिशेब विभागालाच द्यावा लागतो.

सर्वांत नेहमीची तक्रार माणसांची. निविदेत वीस वर्षांच्या अनुभवाचा साहित्य अभियंता, जागेवर नुकता पदवी घेतलेला मुलगा. पहिल्याच आठवड्यात सर्व प्रमुख व्यक्तींना मूळ ओळखपत्रांसह बोलवा, हजेरी जागेवर ठेवा, आणि बदल हवा असेल तर समान पात्रतेचा माणूस आधी मंजूर करून मगच जुन्याला सोडा. त्या मुलावर राग काढू नका. त्याच्याकडून चाचण्या चांगल्या होतात. त्याला ठेकेदाराला नाही म्हणायचा अधिकार नसतो, अडचण तिथे आहे.

रोजचा क्रम असा ठेवा. ठेकेदार थर झाकण्याच्या किमान २४ तास आधी तपासणीची मागणी देतो. सल्लागार पातळी, जाडी आणि घनता तपासून मान्य किंवा अमान्य लिहितो. अमान्य असेल तर कारण लिहितो. सर्वांत वरच्या ५०० मिलिमीटर मातीकामाला प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या किमान ९७ टक्के, खालच्या भरावाला ९५ टक्के घनता. शाखा अभियंत्याने आठवड्यातून दोनदा न सांगता जाऊन, आदल्या दिवशी मान्य झालेल्या थरात वाळू बदल पद्धतीने (थरात खड्डा घेऊन त्यात मोजलेली वाळू भरून) स्वतः एक घनता घ्यावी. सलग दोन महिने सल्लागाराच्या नोंदवहीत एकही अमान्य शेरा नसेल तर काम उत्तम चालले आहे असे समजू नका. तपासणी होत नाही असे समजा. सगळ्या घनता ९७.२ ते ९७.८ मध्येच असतील तर तेच.

बाब वाढली, जागा बदलली, मोरी वाढवावी लागली, तर सल्लागाराने पाहणी, हिशेब आणि शिफारस द्यावी. मंजुरी विभागाची. जागेवर ‘करून टाका, नंतर बघू’ म्हटले की पुढे ते तिघांपैकी कोणालाच आठवत नाही. साइट ऑर्डर बुकात दोन ओळी लिहायला पाच मिनिटे लागतात.

सल्लागाराचे देयकही वेळेत काढा. चार महिने देयक अडले की तो वाहन कमी करतो, मग प्रयोगशाळा सहायक कमी करतो, आणि नंतर ठेकेदाराच्या गाडीतून फिरू लागतो. त्या दिवसापासून देखरेख संपलेली असते.

शेवटी काय ताब्यात घ्यायचे

अंतिम देयकाआधी छापील संचासोबत या मूळ फायली घ्या: नियंत्रण बिंदूंची (सर्वेक्षणाच्या जागेवरच्या पक्क्या खुणांची) निर्देशके, भूपृष्ठाची मूळ सर्वेक्षण नोंद, संपादन करता येतील अशी आराखड्यांची फाइल, सूत्रांसह अंदाजपत्रकाची तक्तापत्रके, चाचण्यांची जागेवरची हस्तलिखित पाने, पुलांच्या गणना, आणि काम झाल्यावरचे प्रत्यक्ष आराखडे. पीडीएफ पुरत नाही. फायली उपविभागातल्या संगणकावर उघडून पाहा, दोन नियंत्रण बिंदू जागेवर शोधून काढा, आणि एक प्रत मंडळ कार्यालयात पाठवा. दोषदायित्व काळात (ठेकेदाराने दोष स्वतः दुरुस्त करायच्या मुदतीत) खचलेल्या भागाचा वाद आला तर पहिला प्रश्न त्या साखळी क्रमांकाच्या मातीचा असतो, आणि तोवर सल्लागाराचा संघप्रमुख दुसऱ्या राज्यात गेलेला असतो.